पोटानेच केला घात

टोमॅटोला गोल भोक पाडून, डोके आत आणि निम्मे अंग बाहेर ठेवून खात बसलेली हिरवट अळी नारायणगाव ते पिंपळगाव बसवंत या पट्ट्यातल्या शेतकऱ्याला वेगळी दाखवायला नको. हरभऱ्याच्या घाट्यात आणि कपाशीच्या बोंडात शिरते तीही हीच. तिचा राग सगळ्यांनाच येतो. मला मात्र तिच्या पोटाचे अप्रूप वाटते.

आपल्या जठरात आम्ल असते. अळीच्या आतड्यात नेमके उलटे. तिथला रस साबणाच्या पाण्यासारखा अल्कधर्मी असतो, सामू नऊ-दहाच्या घरात, कधी त्याहूनही वर. झाडे पानांत टॅनिनसारखी तुरट द्रव्ये साठवतात. ती प्रथिनांना धरून बसतात आणि खाणाऱ्याचे पचन बिघडवतात. अल्कधर्मी रसात ही पकड सुटते. झाडाच्या बचावावर अळीच्या वंशाने काढलेली ही तोड असावी, असे मानतात. तिच्या जोरावर अळी दिवसरात्र हिरवे चरते.

आणि तिथेच ती सापडते.

१९०१ साली जपानमध्ये इशिवाता शिगेताने हे संशोधक रेशीमकिडे पटापट का मरतात याचा माग काढत होते. त्यांना एक जिवाणू सापडला. दहा वर्षांनी जर्मनीत एर्न्स्ट बर्लिनर यांना पिठातल्या पतंगाच्या अळीत तसाच जिवाणू आढळला. ती अळी थुरिंगियातली, म्हणून नाव पडले बॅसिलस थुरिंजिएन्सिस. आपल्या कृषी सेवा केंद्रातले ‘बीटी’. हा जिवाणू बीजाणू तयार करताना सोबत प्रथिनाचा स्फटिक घडवतो. अळीच्या अल्कधर्मी पोटात स्फटिक विरघळतो, तिचेच पाचक रस त्याला कापून विषारी रूप देतात आणि ते विष आतड्याच्या पेशींना भोके पाडते. काही तासांत खाणे बंद, दोन-तीन दिवसांत अळी मेलेली. आपल्या आतड्यात या विषाला चिकटायला जागाच नाही. फक्त शेजारी तुतीची बाग असेल तर बीटी फवारू नये. रेशीमकिडाही अखेर अळीच!

याहून थक्क करणारा आहे एचएएनपीव्ही हा विषाणू. तो प्रथिनाच्या सूक्ष्म कणांत बंद असतो, आणि ते कणही त्याच अल्कधर्मी रसात विरघळतात. एक जिवाणू, एक विषाणू. एकमेकांशी काही नाते नाही, पण दोघांनी अळीचे मर्म एकच हेरले.

आत शिरलेला विषाणू अळीला मारण्याआधी तिला चालवतो. आजारी अळी झाडाच्या शेंड्याकडे चढते आणि तिथेच उलटी लटकून मरते. कातडी फाटते, आतला द्रव खालच्या पानांवर ठिबकतो आणि पुढच्या अळ्यांचे जेवण नासते. ती वर का चढते? चीनमधल्या संशोधकांनी २०२२ साली याच अळीवरच्या प्रयोगांतून दाखवले की विषाणू तिच्या दृष्टीशी संबंधित जनुकांत ढवळाढवळ करतो आणि तिला उजेडाची ओढ लावतो. दिवा खाली ठेवला, तर आजारी अळ्या वर चढण्याऐवजी खालीच मेल्या. मेंदू म्हणावा असे काहीही नसलेल्या एका कणाची ही करामत!

याची मात्राही अळीतच मोजतात. एका ‘एलई’मध्ये, म्हणजे एका अळीइतक्या मात्रेत, विषाणूचे ६०० कोटी कण धरतात, टोमॅटोला हेक्टरी २५० एलईची शिफारस असते. गंमत अशी की अळीला उजेडाकडे नेणारा हा विषाणू स्वतः उन्हात निकामी होतो. म्हणून फवारणी संध्याकाळी करायची, आणि पाण्यात नीळ घालायची, म्हणजे अतिनील किरणांपासून थोडा आडोसा मिळतो. बीटी असो की विषाणू, तो पोटात गेला तरच काम करतो. अळी एकदा फळात शिरली की फवारा वाया. अळ्या लहान, पानांवर असतानाच गाठायला हव्यात. टोमॅटोच्या दर १६ ओळींमागे झेंडूची एक ओळ असेल तर माद्या बरीच अंडी झेंडूवर घालतात आणि शोधही सोपा होतो.

कोबीवरचा चौकोनी ठिपक्यांचा पतंग मात्र वस्ताद निघाला. शेतात फवारलेल्या बीटीला दाद न देणारी पहिली कीड तीच. हवाईतल्या शेतांतली ही गोष्ट १९९० साली प्रसिद्ध झाली. पुढे अशा अळ्या तपासल्या तेव्हा आढळले की काहींच्या आतड्यातल्या पेशींना विष पूर्वीसारखे चिकटतच नव्हते. मग पोटाची वाट सोडून वासाची धरायची. बंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेने कोबीच्या दर २५ ओळींमागे मोहरीची जोडओळ सुचवली. एक ओळ कोबीच्या लागवडीच्या १५ दिवस आधी पेरायची, दुसरी लागवडीनंतर २५ दिवसांनी, म्हणजे शेतात कोवळी मोहरी कायम राहते. तिच्या वासाने माद्या तिकडे वळतात, आणि औषध मारावेच लागले तर ते मोहरीवर मारता येते.