मूत्रपिंड थकले, मनाच्या गोळीचे काय?

मधुमेह आणि रक्तदाब आज आपल्या वस्त्यांत घरोघरी शिरले आहेत. ही दुखणी अंगावर काढली की हळूहळू मूत्रपिंडे थकतात. आजार लांबतो, मजुरी बुडते, कर्ज होते आणि माणूस मनानेही खचतो. झोप उडते, जेवण नकोसे होते, जगणे नको वाटते. हे वेड नव्हे आणि बाहेरची बाधा तर मुळीच नव्हे. नैराश्य हा आजार आहे व त्याला औषध आहे. भगत-देवऋषीचा उंबरा आपण धम्म स्वीकारला तेव्हाच सोडला. आता औषध नीट घ्यायला शिकू या.

समजा, ६५ वर्षांची एक आई नैराश्याची गोळी घेते आहे. तिला उतारही पडला आहे. अशात पायांवर सूज आली आणि तपासणीत मूत्रपिंड कमजोर निघाले. मुलगा म्हणतो, "आई, ती गोळी आजपासून बंद कर." सून म्हणते, "डॉक्टरांनी दिलीय, आहे तशीच चालू ठेवू." दोघांचे बोलणे मायेचे, पण दोघेही चुकतात.

गोळी पोटात गेल्यावर यकृत तिचे विघटन करते. उरलेला अंश बहुधा मूत्रपिंडे लघवीवाटे बाहेर टाकतात. ती मंदावली की काही औषधे रक्तात साचू लागतात. गोळी रोजचीच, पण अंगात मात्रा वाढते. मग गुंगी, मळमळ, हातांना कंप, तोल जाणे, बोलण्यात गोंधळ अशी लक्षणे दिसतात. उलट गोळी एकदम तोडली तर चक्कर, बेचैनी येते आणि नैराश्य पुन्हा डोके वर काढते.

सगळ्या गोळ्या सारख्या नसतात. सर्ट्रालिनची मात्रा केवळ मूत्रपिंडासाठी सहसा कमी करावी लागत नाही. एस्सिटालोप्रामही सौम्य व मध्यम बिघाडात चालते, मात्र बिघाड तीव्र असेल तर जपून. तीव्र बिघाडात पॅरॉक्सेटिन रोज १० मिलिग्रॅमपासून सुरू करतात. व्हेन्लाफॅक्सिनची मात्रा पाव ते निम्म्याने आणि तीव्र बिघाडात निम्मी किंवा त्याहून कमी करतात. मूत्रपिंडाचे काम ३० च्या खाली गेले असेल तर ड्युलॉक्सेटिन टाळतात. हे वाचून कोणी घरी गोळी तोडू नये. हळूहळू विरघळणारी कॅप्सूल तर फोडूच नये. डॉक्टरांना काय विचारायचे, हे कळावे एवढ्यासाठी ही माहिती.

हा ३० चा आकडा कोठला? रक्तातील क्रिएटिनिन, वय आणि स्त्री की पुरुष यांवरून काढलेल्या या आकड्याला 'ईजीएफआर' म्हणतात. तीन महिन्यांहून अधिक काळ तो ६० च्या खाली राहिला तर मूत्रपिंडाचा जुनाट आजार समजतात. क्रिएटिनिन १.४ असलेल्या २५ वर्षांच्या तरुणाचा हा आकडा ७० च्या आसपास येतो. तेच १.४ आपल्या ६५ वर्षांच्या आईचे असेल तर तो जेमतेम ४० भरतो. म्हणून नुसते "क्रिएटिनिन थोडेच वाढलेय" म्हणून गप्प बसू नये. ईजीएफआर किती, हे विचारावे.

दवाखान्यात जाताना सगळ्या गोळ्यांची पाकिटे पिशवीत घालून न्यावीत. मनाच्या डॉक्टरांना मूत्रपिंडाचा रिपोर्ट दाखवावा आणि मूत्रपिंडाच्या डॉक्टरांना मनाची गोळी दाखवावी. ती लपवण्यात कसली आली अब्रू? दिवसभराच्या कष्टाने अंग दुखते म्हणून दुकानातून डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन आणून खाऊ नये. त्याने मूत्रपिंड आणखी बिघडते, आणि नैराश्याच्या काही गोळ्यांसोबत पोटात रक्तस्रावाचा धोकाही वाढतो.

मरणाचे विचार येत असतील तर त्या माणसाला एकटे सोडू नये. सरकारच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे आणि रात्रंदिवस चालू असतो.

तथागतांनी आजारी भिक्खूला स्वतःच्या हातांनी धुऊन-पुसून त्याची सेवा केली. त्यांनीच मध्यम मार्गही दाखवला. आपल्या घरातील त्या आईसाठी तो मार्ग सोपा आहे. गोळी मनाने बंद करायची नाही आणि डोळे झाकून चालूही ठेवायची नाही. रिपोर्ट हातात घेऊन याच आठवड्यात डॉक्टरांना विचारायचे.

जयभीम!