बटण दाबलं की दिवा लागला पाहिजे: घरातले स्मार्ट स्विच आणि सॉकेट

ज्यांना भाग ऐकायला वेळ मिळाला नाही, किंवा ज्यांना वायरमनसमोर मोबाईल धरून वाचून दाखवायचंय, त्यांच्यासाठी हा लेखी अवतार. बोलतानाचे "म्हणजे बघा" आणि "ॲक्च्युअली" बरेचसे कापलेत. काही राहिले असतील तर चालवून घ्या.

आधीच सांगतो, मी सॉफ्टवेअरवाला आहे. बीटेक कॉम्प्युटर. विजेचं माझं शिक्षण म्हणजे पहिल्या वर्षाचा बेसिक इलेक्ट्रिकलचा पेपर, आणि तो कसा सुटला ते विचारू नका. त्यामुळे बोर्ड उघडून वायरी जोडायचं काम परवानाधारक वायरमनचं. आपण काय मागायचं, काय विकत घ्यायचं आणि त्याला काय विचारायचं, एवढंच आज बोलू.

सुरुवात माझ्या चुकीपासून करतो.

साताऱ्याच्या घरी आई-बाबा आणि आजी असतात. दोन वर्षांपूर्वी मी पुण्याहून चार स्मार्ट बल्ब घेऊन गेलो. होल्डरमध्ये फिरवले, वाय-फायला जोडले, काम दहा मिनिटांत संपलं. पण स्मार्ट बल्बला सतत वीज लागते. भिंतीवरचं बटण बंद केलं की तो नुसता काचेचा गोळा. म्हणून मी बटणांवर चिठ्ठ्या चिकटवल्या, "बंद करू नये". आजी रोज संध्याकाळी ती बटणं बंद करायची. तिचं म्हणणं, "दिवा लागलेला नाही तर बटण कशाला चालू ठेवायचं?" यावर माझ्याकडे आजही उत्तर नाही.

मग बाबांचा फोन आला. रात्री लाईट जाऊन परत आली की चारही बल्ब तीन वाजता भकाभक लागतात. मी पुण्यात बसून ॲपमध्ये एक सेटिंग बदललं: वीज परत आल्यावर बल्बने आधीच्याच स्थितीत राहायचं. त्याच्या आधीच मी एक टायमर लावलेला होता, रात्री साडेदहाला पॅसेजचा दिवा आपोआप बंद. दोन्ही सेटिंग आपापल्या जागी बरोबर होती. पण दोन्ही एकत्र केल्यावर काय होतं बघा. साडेदहानंतर भिंतीवरचं बटण कितीही वेळा खालीवर करा, दिवा लागत नाही. कारण त्याची "आधीची स्थिती" बंद ही आहे! कोडमध्ये असा बग कुणी ठेवला असता तर मी त्याला चार शब्द सुनावले असते.

आजी रात्री दोनला उठली, बटण दाबलं, अंधारच. तिला वाटलं लाईट गेली. तशीच चालत गेली आणि उंबऱ्याला अडखळून गुडघ्यावर पडली. हाड मोडलं नाही हे नशीब. तिने कुणाला सांगितलंही नाही. दिवाळीला गेलो तेव्हा ती भिंतीला हात लावून चालत होती आणि उशाशी बॅटरी ठेवून झोपत होती. विचारलं तर म्हणाली, "त्या दिव्याचं काही खरं नाही रे."

त्या दिवाळीत चारही बल्ब काढले. तेव्हापासून माझी एकच अट आहे. नेट नसो, ॲप नसो, मी पुण्यात असो की झोपलेलो असो, भिंतीवरचं बटण दाबलं की दिवा लागला पाहिजे. आता पुढचं सगळं या अटीतून निघतं.

स्मार्ट बल्ब या अटीत बसत नाही, हे झालंच. दुसरा पर्याय म्हणजे जुना बोर्ड काढून काचेचं टच पॅनल बसवणं. दिसतं छान. पण ओल्या हाताने टच नीट ओळखला जात नाही, आणि अंधारात हाताने चाचपडताना चुकून पंखा बंद होतो. मी तिसरा घेतला: बोर्डाच्या मागे बसणारं मॉड्यूल. काडेपेटीएवढा डबा. त्याच्या आत एक रिले, म्हणजे विजेवर चालणारं छोटं बटणच, आणि वाय-फायची चिप. तुमचं जुनं बटण तसंच राहतं, फक्त त्याची वायर आता दिव्याकडे न जाता मॉड्यूलकडे जाते. बटण दाबा किंवा ॲपवर टॅप करा, दिव्याची स्थिती उलटते. त्यामुळे "बटण खाली म्हणजे चालू" हा हिशोब संपतो. आईला हे समजावताना मी रिलेची आकृती काढायला लागलो होतो, तेवढ्यात आजी म्हणाली, "म्हणजे जिन्यातल्या बटणासारखं." बरोब्बर! जिन्यात खालून लावा, वरून बंद करा. इथे वरचं बटण मोबाईलमध्ये आहे, एवढाच फरक.

आता वायरमनला विचारायचा पहिला प्रश्न: बोर्डात न्यूट्रल आहे का? साध्या बटणाला न्यूट्रल लागत नाही, ते फक्त फेजची वायर तोडतं नि जोडतं. पण मॉड्यूलला स्वतःला चोवीस तास जागं राहायचंय, म्हणून त्याला फेज आणि न्यूट्रल दोन्ही हवेत. परदेशी व्हिडिओंमध्ये यावर बरंच रडगाणं असतं. आपल्याकडे गंमत अशी की बहुतेक बोर्डात बटणांच्या शेजारीच एक सॉकेट असतं, आणि सॉकेट आहे म्हणजे न्यूट्रल आलेलाच आहे. अडचण येते ती नुसत्या बटणांच्या बोर्डात: पलंगाशेजारचं बटण, बाथरूमबाहेरचं, जिन्यातलं. तिथे काही वायरमन दुसऱ्या खोलीतून न्यूट्रल ओढून देतात. नको म्हणा. घरात आरसीसीबी असेल, म्हणजे फेजमधून गेलेला करंट न्यूट्रलमधून तेवढाच परत येतोय का हे बघणारं यंत्र, तर दुसऱ्या सर्किटचा न्यूट्रल वापरल्यावर त्याचा हिशोब जुळत नाही आणि ते उडतं. मग लोक वैतागून आरसीसीबीच काढून टाकतात. म्हणजे दिवा स्मार्ट करायच्या नादात शॉकपासूनचं संरक्षण घालवून बसतात.

दुसरा प्रश्न इन्व्हर्टरचा. हा मला यूट्यूबवर कुठे सापडला नाही, घरीच ठेच लागून कळला. आपल्या बोर्डात बऱ्याचदा दोन फेज असतात, दिवे-पंख्यांना इन्व्हर्टरची आणि मोठ्या सॉकेटला थेट महावितरणची. मॉड्यूल चुकून थेट फेजवर जोडलं तर लाईट गेल्यावर मॉड्यूल मरतं आणि त्याच्या आतला रिले सुटतो. इन्व्हर्टर भरलेला, घर मात्र अंधारात. म्हणून दिव्याचं मॉड्यूल इन्व्हर्टरच्या फेजवरच हवं, आणि त्यात दोन वेगळ्या फेज कधीही एकत्र करायच्या नाहीत. राउटरसुद्धा इन्व्हर्टरवर घ्या. आणि हो, "वीज परत आल्यावर काय" हे सेटिंग मॉड्यूललाही असतं. इथे "आधीची स्थिती" बिनधास्त ठेवा, कारण बटण आता स्वतंत्रपणे काम करतं.

एक कबुली द्यायला हवी. मॉड्यूलच जळालं तर बटणही निकामी होतं, कारण ते मॉड्यूलमार्फतच बोलतं. म्हणून आमच्या बाथरूमचा दिवा आणि पॅसेजमधला झिरोचा बल्ब मी साध्या वायरिंगवरच ठेवलेत. घरातले एक-दोन दिवे अडाणी राहू देत.

पंख्याबद्दल थोडक्यात. साधा पंखा नुसता चालू-बंद करायला कुठलंही मॉड्यूल चालतं, वेग बदलायचा असेल तर पंख्यासाठीच बनवलेलं घ्या. दिव्याच्या डिमरवर पंखा लावू नका, घुंऽऽ आवाज येतो आणि मोटर तापते. बीएलडीसी पंखा असेल तर त्याचा स्वतःचा रिमोट असतो, त्याला रेग्युलेटर लावायचाच नसतो.

आता सॉकेट. इथे खरा धोका आहे, कारण स्मार्ट प्लग आपण वायरमनला न विचारता स्वतःच लावतो.

प्लगवर ६ अँपिअर किंवा १६ अँपिअर लिहिलेलं असतं. आपली वीज २३० व्होल्ट धरली तर ६ अँपिअरचा प्लग १,३८० वॅटपर्यंत, १६ अँपिअरचा ३,६८० वॅटपर्यंत. गीझर साधारण २,००० वॅटचा, म्हणजे ८.७ अँपिअर. त्याची जाड पिन ६ अँपिअरच्या प्लगमध्ये जातच नाही, आणि ती जाऊ नये म्हणूनच जाड केलेली आहे. मी काय केलं? पुण्याच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये कन्व्हर्टर लावून ती बसवली. बीटेक! चौथ्या दिवशी करपल्याचा वास आला, प्लगचं प्लास्टिक तपकिरी झालं होतं. मी बाहेर असतो तर काय झालं असतं, याचा विचार आजही नको वाटतो. गीझर, एसी, इस्त्री यांना १६ अँपिअरच, मध्ये कन्व्हर्टर नाही, एक्स्टेंशन नाही. पाण्याची मोटर सुरू होताना नेहमीच्या कितीतरी पट करंट खेचते, ती प्लगवर नकोच, तिच्यासाठी स्टार्टर किंवा कॉन्टॅक्टर लागतो. आणि फ्रिज स्मार्ट प्लगवर लावू नका. चुकून बंद झाला तर दूध नासल्यावरच कळतं.

गीझरला किती वेळाचा टायमर लावायचा? हे शाळेतलंच गणित आहे. १५ लिटर पाणी २० अंशांवरून ६० अंशांवर न्यायला साधारण ०.७ युनिट लागतं, म्हणजे २,००० वॅटच्या गीझरला सुमारे २१ मिनिटं. २५ लिटरला ३५ मिनिटं. त्यानंतर थर्मोस्टॅट गीझर बंद करतो आणि पाणी निवलं की पुन्हा थोडा वेळ लावतो. म्हणजे विसरलेला गीझर दर तासाला दोन युनिट खातो हा समज चुकीचा आहे, तो फक्त निवणारी उष्णता भरून काढत असतो. पण ज्या दिवशी थर्मोस्टॅट बिघडेल त्या दिवशी टायमर कामाला येतो. मी अर्ध्या तासानंतर आपोआप बंद होईल असं लावलंय. ऑफिसातून निघताना चालू करायची सोय मात्र मुद्दाम ठेवलेली नाही. टाकीत पाणी नसेल तर तिथे बघायला कुणी नसतं.

आता "वीज वाचेल" या जाहिरातीचा हिशोब. मॉड्यूल स्वतः साधारण १ वॅट खातं असं धरा. वर्षाला ८.७६ युनिट. ९ वॅटचा एलईडी तेवढी वीज खायला सुमारे ९७० तास घेतो. म्हणजे रोज दोन तास चाळीस मिनिटं तुम्ही दिवा विनाकारण चालू ठेवत असाल, तर मॉड्यूलने निव्वळ बरोबरी होते. एका बल्बसाठी हे बिल वाचवायचं साधन नाही. पोर्चचा किंवा गॅलरीचा दिवा रात्रभर राहत असेल तर गोष्ट वेगळी.

वाय-फायबद्दल दोनच गोष्टी. यातली बहुतेक उपकरणं फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालतात आणि बोर्डामागचा डबा पत्र्याचा असेल तर रेंज आणखी मरते, म्हणून बसवण्यापूर्वी मॉड्यूल बोर्डाशेजारी धरून जोडून बघा. आणि राउटर बदललात तर नव्याला जुनंच नाव नि जुनाच पासवर्ड द्या. नाहीतर सगळे बोर्ड पुन्हा उघडायची वेळ येऊ शकते.

ॲपवर टॅप केल्यावर तो आदेश बऱ्याच उपकरणांत आधी कंपनीच्या सर्व्हरकडे जातो आणि तिथून फिरून तुमच्या भिंतीत येतो. सर्व्हर गेला की ॲप गेलं. अमेरिकेतल्या इन्स्टिऑन कंपनीचे सर्व्हर एप्रिल २०२२ मध्ये अचानक बंद पडले आणि ग्राहकांची ॲप निरुपयोगी झाली. भिंतीवरचे स्विच मात्र हाताने चालत राहिले. म्हणून घेताना खोक्यावर "मॅटर" लिहिलंय का बघा. ऑक्टोबर २०२२ मध्ये आलेलं हे मानक घरातल्या घरात, नेटशिवाय आदेश पोचवण्यासाठी बनवलेलं आहे. हौस असेल तर रास्पबेरी पायवर होम असिस्टंट टाका, मी तेच केलंय. पण ही हौस आहे, गरज नाही. तो पाय बंद पडला तर तुमच्याशिवाय घरात कुणाला दुरुस्त करता येणार नाही.

शेवटचा मुद्दा नोंदींचा. कुठला दिवा कधी लागला याची यादी ॲपमध्ये राहते. महिनाभर ती बघितली की घरातले कधी उठतात, कधी बाहेर असतात, सगळं कळतं. मला पुण्यात बसून दिसायचं, पहाटे पाच-दहाला पॅसेजचा दिवा लागला, म्हणजे आजी उठली. बरं वाटायचं. पण हे तिला माहीतच नव्हतं, आणि ते मला खुपायला लागलं. गेल्या महिन्यात सांगून टाकलं. थोडा वेळ गप्प बसली, मग म्हणाली, "तू बघतोयस हे ठीक आहे. त्या कंपनीला कशाला कळायला पाहिजे?" आता नोंदी घरातल्या पायवरच राहतात, बाहेर जात नाहीत.

तुमच्या बोर्डाबद्दल काही विचारायचं असेल तर मेन स्विच बंद करून, वायरमनच्या हातून झाकण उघडलेल्या बोर्डाचा फोटो पाठवा. पुढच्या भागात इन्व्हर्टरच्या बॅटऱ्या, बाबांच्या खास मागणीवरून.