येंजेचिक, योआन्ना

(१८ ऑगस्ट १९८७ – ). मिश्र युद्धकला या क्रीडाप्रकारातील निवृत्त पोलिश स्त्री-योद्धा. ‘अल्टिमेट फायटिंग चँपियनशिप’ (यूएफसी) या अमेरिकन व्यावसायिक संस्थेच्या स्त्रियांसाठी असलेल्या स्ट्रॉवेट गटाचे (५२·२ किग्रॅ. पर्यंत) विजेतेपद तिने मार्च २०१५ ते नोव्हेंबर २०१७ या काळात स्वतःकडे राखले व पाच वेळा त्याचे यशस्वी रक्षण केले. या संस्थेचे विजेतेपद मिळविणारी ती पहिली पोलिश व्यक्ती आणि पहिली यूरोपीय स्त्री होय.

तिचा जन्म पोलंडच्या ईशान्य भागातील ओल्श्तिन या शहरी झाला. वयाच्या सोळाव्या वर्षी, केवळ वजन कमी करावे या हेतूने, ती थाई मुष्टियुद्धाच्या (मुए थाई) वर्गात जाऊ लागली. या थाई प्रकारात मुठींप्रमाणेच कोपर, गुडघा व नडगी यांनीही प्रहार करण्यास मुभा असते. तसेच प्रतिस्पर्ध्याची मान दोन्ही हातांनी जखडून त्याला गुडघ्याचे तडाखे देणे हे त्याचे एक प्रमुख अंग मानले जाते [→ मुष्टियुद्ध]. येंजेचिकने हौशी जागतिक स्पर्धांत अनेक पदके मिळविली. पुढे यूएफसीमध्ये जिच्याशी तिची गाठ पडली, त्या किरगीझस्तानच्या व्हॅलेंतिना शेवचेंकोकडून या हौशी काळात तिला तीनदा पराभव पतकरावा लागला होता. २०१२ मध्ये ती व्यावसायिक मिश्र युद्धकलेकडे वळली.

मिश्र युद्धकलेत उभ्याने करावयाचे प्रहार, कुस्ती व ज्यूदो यांतील पाडाचे डाव आणि जमिनीवरील पकडी व आवळण्या या सर्वांना एकाच लढतीत वाव असतो. यूएफसीची लढत जाळीने वेढलेल्या अष्टकोनी रिंगणात होते. सामान्य लढत पाच मिनिटांच्या तीन फेऱ्यांची, तर विजेतेपदाची लढत पाच फेऱ्यांची असते. प्रतिस्पर्धी मूर्च्छित झाला, त्याने हार कबूल केली किंवा पंचांनी लढत थांबविली, तर निकाल तत्काळ लागतो. अन्यथा तीन परीक्षक प्रत्येक फेरीचे गुण देतात. फेरी जिंकणाऱ्यास दहा व हरणाऱ्यास नऊ अथवा त्याहून कमी गुण मिळतात. १९९३ मध्ये सुरू झालेल्या यूएफसीमध्ये स्त्रियांची पहिली लढत २३ फेब्रुवारी २०१३ रोजी झाली. त्यावेळी स्त्रियांसाठी बँटमवेट (६१·२ किग्रॅ. पर्यंत) हा एकच गट होता. स्ट्रॉवेट गटाची त्यात २०१४ मध्ये भर पडली आणि त्या वर्षाच्या डिसेंबरमध्ये अमेरिकेची कार्ला एस्पार्झा ही त्याची पहिली विजेती ठरली. येंजेचिकचा यूएफसीमधील प्रवेश याच वर्षी, जुलैमध्ये झाला. १३ डिसेंबर २०१४ रोजी तिने ब्राझीलच्या क्लाउडिया गादेल्यावर परीक्षकांच्या दोन विरुद्ध एक अशा बहुमताने विजय मिळविला व विजेतेपदासाठी आव्हान देण्याचा हक्क प्राप्त केला.

लढतीचे तंत्र : मिश्र युद्धकलेत उभ्याने लढणाऱ्या खेळाडूपुढील मुख्य अडचण म्हणजे कुस्तीत निष्णात असलेला प्रतिस्पर्धी पट काढून त्याला जमिनीवर नेतो आणि तेथे त्याचे प्रहारकौशल्य निरुपयोगी ठरते. येंजेचिकची कामगिरी मुख्यत्वे या अडचणीच्या उत्तरावर उभी आहे. तिची उंची १६८ सेंमी., म्हणजे या गटाच्या मानाने बरीच होती. सरळ डाव्या ठोशाने ती अंतर राखी व सतत सरकत राहून प्रतिस्पर्ध्याला पायांवर झेप घेण्याजोगी जागा मिळू देत नसे. झेप आलीच, तर पाय मागे फेकून शरीराचा भार प्रतिस्पर्ध्याच्या खांद्यांवर टाकी आणि तो उठू लागताच कोपराचा किंवा गुडघ्याचा तडाखा देई. जाळीला रेटली गेली असता मानेच्या पकडीचे थाई शिक्षण तिच्या उपयोगी पडे. पाडावयास येणाऱ्यास प्रत्येक प्रयत्नाची अशी किंमत मोजावी लागे. त्यामुळे लढत लांबली की तिचे पारडे जड होत जाई. एकाच निर्णायक ठोशावर ती क्वचितच विसंबली. प्रहारांची संख्या, त्यांतील वैविध्य आणि पाचही फेऱ्यांत टिकणारा वेग हीच तिची मुख्य शस्त्रे होत.

विजेतेपदाचा काळ : १४ मार्च २०१५ रोजी डॅलस येथे तिने एस्पार्झाला दुसऱ्या फेरीत पराभूत करून विजेतेपद पटकाविले. एस्पार्झा मूळची कुस्तीगीर होती; परंतु पाडण्याचे तिचे जवळजवळ सर्व प्रयत्न फोल ठरले. त्यानंतर येंजेचिकने जून २०१५ मध्ये बर्लिन येथे अमेरिकेच्या जेसिका पेनीला तिसऱ्या फेरीत हरविले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये मेलबर्न येथे ५६,२१४ प्रेक्षकांसमोर तिने कॅनडाच्या वालेरी लेतूर्नोवर गुणांनी मात केली. जुलै २०१६ मध्ये गादेल्याशी तिची पुन्हा लढत झाली. प्रारंभीच्या फेऱ्यांत गादेल्याने तिला पाडून वर्चस्व मिळविले होते. तथापि तिसऱ्या फेरीपासून गादेल्याचा दम ओसरला आणि परीक्षकांनी एकमताने येंजेचिकच्या बाजूने निर्णय दिला. तिच्या पद्धतीचे बल या लढतीत विशेष स्पष्टपणे दिसून येते. न्यूयॉर्क राज्याने व्यावसायिक मिश्र युद्धकलेवरील बंदी २०१६ मध्ये उठविल्यावर न्यूयॉर्क शहरातील मॅडिसन स्क्वेअर गार्डन येथे नोव्हेंबरमध्ये यूएफसीचा पहिला कार्यक्रम झाला. त्यात तिने आपल्याच देशाच्या कारोलिना कोवाल्किएविचला नमविले. मे २०१७ मध्ये ब्राझीलच्या जेसिका आंद्रादवर तिने मिळविलेला विजय हे विजेतेपदाचे पाचवे रक्षण होय. तोपर्यंतच्या चौदाही व्यावसायिक लढतींत ती अपराजित होती.

४ नोव्हेंबर २०१७ रोजी मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्येच अमेरिकेच्या रोझ नामायूनसने तिला पहिल्याच फेरीत जमिनीवर लोळविले. मुखावर ठोशांचा मारा चालू असताना येंजेचिकने हार मानल्याची खूण केली. ही लढत जिंकली असती, तर रोंडा राउझीच्या सहा यशस्वी रक्षणांच्या विक्रमाशी तिने बरोबरी केली असती.

वजनाचा प्रश्न : या पराभवानंतर येंजेचिकने लढतीपूर्वी घटवाव्या लागलेल्या वजनाकडे बोट दाखविले. एका दिवसाहूनही कमी अवधीत आपल्याला सुमारे ७ किग्रॅ. वजन उतरवावे लागले, असे तिने सांगितले. ही प्रथा या खेळात सर्रास आढळते. खेळाडूंचे वजन लढतीच्या आदल्या दिवशी केले जाते. त्यामुळे पाणी व मीठ कमी करून, उष्ण पाण्याचे स्नान घेऊन किंवा बाष्पगृहात घाम गाळून शरीरातील पाणी तात्पुरते काढून टाकावयाचे आणि वजन होताच ते पुन्हा भरून काढावयाचे, असा प्रघात पडला आहे. मात्र पाण्याबरोबर रक्ताचे आकारमान घटते, हृदयावर ताण पडतो आणि शरीराची उष्णता राखण्याची यंत्रणा बिघडते. ही झीज एका दिवसात पूर्णपणे भरून येतेच असे नाही. आणि अशा स्थितीत डोक्यावरील आघात अधिक घातक ठरण्याची भीती वैद्यकतज्ञ व्यक्त करतात. वजनगटाची ही सक्ती भारतीय वाचकांस ऑगस्ट २०२४ मधील पॅरिस ऑलिंपिकमुळे परिचित झाली आहे. तेथे अंतिम कुस्तीच्या सकाळी वजन ५० किग्रॅ.हून केवळ १०० ग्रॅम अधिक भरल्याने विनेश फोगाट हिला अपात्र ठरविण्यात आले [→ कुस्ती].

येंजेचिकच्या बाबतीत हा दोष केवळ व्यक्तिगत निवडीचा नव्हता. तिच्या विजेतेपदाच्या जवळजवळ सर्व काळात यूएफसीमध्ये स्त्रियांसाठी ५२·२ किग्रॅ.च्या वरचा पुढचा गट थेट ६१·२ किग्रॅ.चा होता; या दोहोंमधील ५६·७ किग्रॅ.चा फ्लायवेट गट २०१७ च्या अखेरीस सुरू झाला. परिणामी तिच्यासारख्या उंच स्त्रीला एक तर स्वतःचे शरीर आटवावे लागे किंवा स्वतःहून बऱ्याच वजनदार स्त्रियांशी झुंजावे लागे. असे असले, तरी तिच्या पराभवाचे संपूर्ण स्पष्टीकरण वजनात सापडत नाही. एप्रिल २०१८ मध्ये नामायूनसने परतीच्या लढतीतही पाच फेऱ्यांनंतर परीक्षकांच्या एकमुखी निर्णयाने तिच्यावर विजय मिळविला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये टोराँटो येथे फ्लायवेट गटाच्या रिक्त विजेतेपदासाठी ती उतरली, तेव्हा शेवचेंकोने तिला हरविले. वरच्या गटात तिचा उंचीचा लाभ कमी झाला व प्रतिस्पर्ध्याचे बळ वाढले. त्यानंतर ती पुन्हा मूळ गटात परतली.

जांग वेइलीशी लढती : ७ मार्च २०२० रोजी लास व्हेगस येथे स्ट्रॉवेट गटाची चिनी विजेती जांग वेइली हिच्याशी तिने दिलेली लढत स्त्रियांच्या मिश्र युद्धकलेतील सर्वोत्तम लढतींपैकी एक म्हणून गणली जाते. पाचही फेऱ्या दोघींनी अखंड प्रहारांची देवघेव केली. नोंदविलेल्या परिणामकारक प्रहारांची संख्या येंजेचिकची १८६, तर जांगची १६५ होती; तथापि जांगचे प्रहार अधिक जड होते आणि दोन परीक्षकांनी तिला ४८–४७, तर तिसऱ्याने त्याच गुणांनी येंजेचिकला विजयी ठरविले. कपाळाच्या त्वचेखाली रक्त साचल्याने येंजेचिकचा चेहरा ओळखू येऊ नये इतका सुजला होता. लढतीनंतर दोघींनाही रुग्णालयात न्यावे लागले. प्रहारांची संख्या आणि त्यांचे बळ यांपैकी कशाला अधिक महत्त्व द्यावे, या खेळातील जुन्या वादाचे हे एक ठळक उदाहरण होय. ज्या संख्याबळावर येंजेचिकने पाच वेळा विजेतेपद राखले, ते या रात्री अपुरे पडले.

त्यानंतर सव्वादोन वर्षे ती रिंगणात उतरली नाही. १२ जून २०२२ रोजी सिंगापूर येथे जांगशी तिची पुन्हा गाठ पडली. दुसऱ्या फेरीत जांगने गरकन वळून मारलेल्या उलट्या मुठीच्या प्रहाराने ती मूर्च्छित झाली. शुद्धीवर आल्यावर हातमोजे रिंगणात उतरवून ठेवून तिने निवृत्ती जाहीर केली. जवळजवळ वीस वर्षे आपण सराव करीत आलो असून यापुढे मातृत्व व व्यवसाय यांकडे लक्ष द्यावयाचे आहे, असे तिने त्यावेळी सांगितले. तेव्हा ती चौतीस वर्षांची होती.

मूल्यमापन : येंजेचिकने एकूण एकवीस व्यावसायिक लढतींपैकी सोळा जिंकल्या व पाच गमाविल्या. पाचही पराभव एकेकाळी विजेतेपद भूषविणाऱ्या तिघींकडून झाले. स्त्रियांचे हलके वजनगट प्रेक्षकांना आकर्षित करू शकतील किंवा नाही, याविषयी शंका घेतली जात असताना या गटास स्थैर्य व प्रतिष्ठा मिळवून देण्यात तिचा वाटा मोठा आहे. पाडाव रोखून उभ्यानेच लढत चालविण्याची तिची पद्धत पुढील पिढीच्या अनेक स्त्री-योद्ध्यांना मार्गदर्शक ठरली. त्याबरोबरच वजनगटांमधील अंतर आणि वजन घटविण्याची प्रथा यांचा खेळाडूच्या शरीरावर किती भार पडतो, याचाही तिची कारकीर्द एक बोलका दाखला आहे. यूएफसीने २०२४ मध्ये तिचा आपल्या सन्माननीय खेळाडूंच्या नामावलीत समावेश केला.