खिडकीतलं ऊन

गेल्या वर्षी माझ्या पाचवीच्या वर्गातली एक मुलगी पी.टी.च्या तासाला वर्गातच बसायची. तिला टाइप १ मधुमेह आहे, दिवसातून चार वेळा इन्सुलिन. खेळताना साखर उतरून चक्कर आली तर, या भीतीने घरच्यांनी चिठ्ठी दिली होती. खरं सांगायचं तर मलाही बरंच वाटलं. "खिडकीपाशी बस बेटा, तिथे ऊन येतं," एवढं म्हणून मी मोकळी व्हायचे.

दिवाळीच्या सुट्टीनंतर तिची अम्मी रिपोर्ट घेऊन आली. ड जीवनसत्त्व ९. वीसच्या खाली म्हणजे कमीच. "टीचर, आपल्याकडे एवढं ऊन, मग पोरीला कमी कसं?"

तेव्हा मला उत्तर देता आलं नाही. नंतर कळलं, ज्या किरणांमुळे त्वचेत ड जीवनसत्त्व तयार होतं ते काचेतून आत येतच नाहीत. आमच्या वर्गाची ती खिडकी बंद काचेची. सकाळचं कोवळं ऊनही फारसं उपयोगी नाही. आपल्याकडे साधारण अकरा ते तीनमधलं ऊन हातापायांवर थेट पडावं लागतं आणि सावळ्या त्वचेला ते जास्त वेळ लागतं. मुली-बायकांना घराची गच्ची किंवा अंगण त्यासाठी सोयीचं. जेवणातून थोडंच मिळतं: बांगडा, तारली, अंड्याचा पिवळा बलक.

टाइप १ मधुमेह गोड खाल्ल्याने होत नाही. शरीराची संरक्षणयंत्रणाच इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी नष्ट करते. या आजाराचं प्रमाण सर्वांत जास्त असलेल्या फिनलंडमध्ये १९६६ साली जन्मलेल्या दहा हजारांहून अधिक मुलांवर अनेक वर्षं लक्ष ठेवलं गेलं. ज्यांना तान्हेपणी ड जीवनसत्त्व नियमित मिळालं होतं, त्यांच्यात हा मधुमेह कमी आढळला. २००१ मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला आणि मग ड जीवनसत्त्वाने मधुमेह बरा होतो असंही लोक बोलू लागले. तसं नाही. तो अभ्यास आजार होण्याआधीचा आहे. आजार झाल्यावर इन्सुलिनला पर्याय नाही. कुणाच्या सांगण्यावरून ते बंद केलं तर काही दिवसांत मुलाच्या जिवावर बेतू शकतं.

मग तपासणी कशाला? हाडांसाठी. या मुलांमध्ये ड जीवनसत्त्व बऱ्याचदा कमी आढळतं, हाडंही कमकुवत राहू शकतात आणि हेच तर वाढीचं वय. एक वर्षापुढच्या निरोगी मुलाला रोज ६०० युनिट पुरतात. कमतरता असेल तर किती द्यायचं ते डॉक्टर ठरवतील. ६०,००० युनिटची पाकिटं मात्र मनाने देऊ नयेत. अतिरेक झाला तर रक्तात कॅल्शियम वाढतं आणि मूत्रपिंडांना त्रास होतो.

आता ती मैदानात येते. आधी साखर तपासते, कमी असेल तर काही खाते. ग्लुकोजची एक पुडी तिच्या खिशात, एक माझ्या पर्समध्ये. परवा लंगडीत पहिलीच बाद झाली म्हणून बाई माझ्यावरच रुसून बसल्या, उन्हात.