बिननावाचं वादळ

मुलांनो, वादळांना नावं असतात हे तुम्हाला ठाऊक आहे ना? जून २०२० मध्ये कोकणावर येऊन आदळलं ते ‘निसर्ग’. हे नाव बांगलादेशाने सुचवलेलं. मे २०२१ मध्ये मुंबईजवळून गुजरातकडे गेलं ते ‘तौक्ते’. हे म्यानमारचं नाव, आणि ते आहे चक्क एका पालीचं!

आज मात्र आपण एका बिननावाच्या वादळाची गोष्ट पाहणार आहोत. वाऱ्याचा वेग ताशी साधारण ६२ किलोमीटरच्या वर गेला, तरच आपल्याकडे त्याला चक्रीवादळ म्हणतात आणि नाव देतात. हे बिचारं तेवढं मोठं झालंच नाही. हवामान खात्याच्या वहीत ते ‘कमी दाबाचं तीव्र क्षेत्र’ एवढंच राहिलं. ‘नाव मोठं, लक्षण खोटं’ असं आपण म्हणतो. इथे अगदी उलटं झालं.

समुद्र कुठे, पंढरपूर कुठे!

नकाशा काढा बरं. पूर्व किनाऱ्यावर आंध्र प्रदेशात काकीनाडा शोधा. १३ ऑक्टोबर २०२० च्या सकाळी हे वादळ त्याच्या आसपास जमिनीवर आलं. आता बोट पश्चिमेकडे सरकवा. वाटेत हैदराबाद लागेल. तिथे त्याने एवढा पाऊस पाडला, की वस्त्याच्या वस्त्या बुडाल्या. तिथून कर्नाटक ओलांडून ते आपल्या सोलापूर जिल्ह्यात आलं. काकीनाड्यापासून पंढरपूर सरळ रेषेत सातशे किलोमीटरहून लांब आहे. समुद्र न पाहिलेली कितीतरी मुलं आमच्या शाळेत आहेत, आणि समुद्रातलं वादळ थेट त्यांच्या दारात!

१४ ऑक्टोबरला धो धो पावसात पंढरपुरात कुंभार घाटाची भिंत कोसळली. तिच्याखाली सापडून सहा माणसं गेली. पाठोपाठ चंद्रभागेला पूर आला. पुंडलिकाचं मंदिर पाण्यात गेलं. नदीकाठच्या सखल वस्त्यांतली माणसं चंबूगबाळं उचलून बाहेर पडली.

वारा थकतो, पाणी थकत नाही

असं का होतं? समुद्राचं पाणी २६-२७ अंश सेल्सिअसच्या वर तापलं, की त्याची भरपूर वाफ होते. ती वर चढते, थंड होते, तिचे ढग बनतात. ढग बनताना उष्णता बाहेर पडते, आणि त्या उष्णतेवर वादळ आणखी फुगतं. म्हणजे गरम समुद्र हे वादळाचं जेवण! जमिनीवर आलं की जेवण बंद. वारा मंदावतो. पण पोटात साठवलेली वाफ असतेच ना? ती पाऊस होऊन शेकडो किलोमीटर पडत राहते.

म्हणून लक्षात ठेवा, वादळाचा वारा किनाऱ्यावर छळतो, पण त्याचं पाणी आत खोलवर येऊन गाठतं.

दोन वाटांनी येणारं पाणी

आपल्या गावाला पाणी दोन वाटांनी गाठतं. एक वाट आभाळातून, आणि दुसरी वरच्या अंगाने, नदीतून. भीमा उगम पावते भीमाशंकरला. पुण्याची मुळा-मुठा तिला येऊन मिळते. ते सगळं पाणी उजनी धरणात येतं. पुढे नीरा नरसिंहपूरला नीरा नदी मिळते, आणि मग चंद्रकोरीसारखं वळण घेत भीमा पंढरपुरात ‘चंद्रभागा’ होते. म्हणजे पाऊस पुण्यात पडला, तरी काही वेळाने पाणी आपल्या घाटाच्या पायऱ्या चढतं!

त्या ऑक्टोबरात उजनीतून दोन लाख क्युसेकहून जास्त पाणी सोडावं लागलं. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, साधारण २८ लिटर. करा गुणाकार. सेकंदाला ५६ लाख लिटर! दहा हजार लिटरचा टँकर धरला, तर डोळ्याची पापणी लवते न लवते तोच ५६० टँकर पुढे गेले.

मोठ्या शहरांचं काय?

२६ जुलै २००५ ला मुंबईत वादळसुद्धा नव्हतं, नुसता पाऊस होता. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर! सोलापूर जिल्ह्यात अख्ख्या वर्षात एवढा पडत नाही. गंमत पाहा, त्याच मुंबईत कुलाब्याला ७५ मिलिमीटरसुद्धा नव्हता.

एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे बरोबर एक लिटर पाणी. तुमच्या वर्गाचं छप्पर ३० चौरस मीटर असेल, तर त्यावर त्या दिवशी २८,३२० लिटर पडलं असतं, म्हणजे सुमारे १,९०० बादल्या. शेतात पडलं असतं तर माती थोडं प्यायली असती. शहरात सगळीकडे सिमेंट आणि डांबर. ते पिणार काय? मिठी नदीचं पात्र भराव आणि बांधकामांनी आवळलेलं, त्यात समुद्राला भरती. पाणी जाणार कुठे? त्या पावसाने राज्यात हजाराहून जास्त माणसांचे जीव घेतले.

आणि हवा एक अंशाने तापली, की ती सुमारे सात टक्के जास्त वाफ धरू शकते. पृथ्वी तापते आहे. तेव्हा असे पाऊस यापुढे वाढण्याचीच भीती आहे.

मग घाबरून बसायचं का?

मुळीच नाही! ओडिशात १९९९ च्या महाचक्रीवादळात सुमारे दहा हजार माणसं गेली. २०१३ मध्ये तिथेच ‘फायलिन’ नावाचं प्रचंड वादळ आलं. पण आधीच सूचना मिळाली आणि लाखो लोकांना वेळेत हलवलं. मृतांचा आकडा शंभराच्या आत राहिला. वादळ थांबवता येत नाही, पण त्याच्या वाटेतून वेळेवर बाजूला होता येतं.

आषाढीला चंद्रभागेच्या वाळवंटात लाखो वारकरी उतरतात, तेही ऐन पावसाळ्यात. तेव्हा ही गोष्ट आपल्याला इतरांपेक्षा जास्त ठाऊक हवी.

एवढं कराच

- हवामान खात्याचे रंग पाठ करा. हिरवा म्हणजे काळजी नाही, पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयार राहा, लाल म्हणजे ताबडतोब हालचाल करा.
- मुसळधार पावसात भिंतीच्या आडोशाला उभं राहू नका. विजा चमकत असतील तर झाडाखालीही नको.
- वाहत्या पाण्यात पाय घालू नका. गुडघाभर पाणीही माणसाला ओढून नेतं. पूल बुडाला असेल, तर मोठ्यांनाही अडवा!
- आजी-आजोबांना विचारा, ‘आपल्याकडे पाणी कुठवर आलं होतं?’ ती खूण पाहून या.
- आई-बाबा, ओढ्यावर, नाल्यावर बांधलेलं घर स्वस्त पडतं. पण पाणी आपली जुनी वाट विसरत नाही. कागदपत्रं आणि औषधं एका पिशवीत तयार ठेवाल ना?

करून पाहा

सरळ उभ्या बाजूंची एक बरणी उघड्या अंगणात ठेवा. रोज सकाळी पट्टीने पाणी मोजा, मिलिमीटरमध्ये वहीत लिहा आणि बरणी रिकामी करा. आकडा एकदम वाढला, की रेडिओ लावा, उजनीतून किती पाणी सोडलं तेही ऐका, आणि शेजारच्या घरी सांगून या. पुढच्या वादळाला कदाचित नाव नसेल. म्हणून काही ते लहान ठरत नाही, बरं का!