चारचौघांत बोलण्याचा उपचार

छातीत धडधडते, झोप लागत नाही, डोके जड वाटते. पण ईसीजी, साखर, रक्तदाब सारे ठीक. असे रुग्ण दवाखान्यात रोज येतात आणि टॉनिक मागतात. टॉनिकने मनावरचा ताण उतरत नाही. अशांपैकी अनेकांना समूह-उपचाराचा, म्हणजे 'ग्रुप थेरपी'चा उपयोग होतो.

ही पद्धत सुरू झाली ती क्षयरोग्यांपासून. बोस्टनचे डॉ. जोसेफ प्रॅट यांनी १९०५ साली गरीब क्षयरोग्यांना आठवड्यातून एकदा एकत्र बसवायला सुरुवात केली. सॅनेटोरियमचा खर्च त्यांना झेपणारा नव्हता. विश्रांती, आहार, मोकळी हवा एवढेच शिकवायचे होते. पण एकमेकांना पाहून रोग्यांना धीर येतो, हे डॉक्टरांच्या ध्यानात आले.

आज अशा गटात साधारण आठ-दहा जण असतात. प्रशिक्षित मानसोपचारतज्ज्ञ किंवा समुपदेशक आठवड्यातून एकदा तास-दीड तास बैठक घेतात. राग येण्याआधी शरीरात काय होते ते ओळखणे, सावकाश श्वास सोडणे, आपल्या हातातली काळजी आणि हाताबाहेरची काळजी वेगळी करणे, मदत मागणे, ही कौशल्ये तेथे शिकून घरी सरावायची असतात. पुढच्या बैठकीत काय जमले, काय फसले ते सांगायचे.

वयानुसार रीत बदलते. लहान मुलांना 'तुला काय वाटते?' विचारून उत्तर मिळत नाही. चित्र, खेळ, गोष्ट यांतून ती बोलतात. दहावी-बारावीची मुले मोठ्यांसमोर गप्प, पण बरोबरीच्यांत मोकळी होतात. निवृत्त झालेले वा जोडीदार गमावलेले वृद्ध उपदेशाला कंटाळलेले असतात. त्यांना ऐकणारा माणूस हवा असतो. म्हणून आजोबा आणि नातू यांना शक्यतो एकाच गटात बसवू नये.

वाचक म्हणतील, आपल्याकडे पार आहे, ओटा आहे, मग हे कशाला? ओट्यावर सांगितलेली गोष्ट संध्याकाळपर्यंत गल्लीभर होते, आणि सल्ला तर न मागताच मिळतो! गटाचा पहिला नियमच असा, की येथले बोलणे येथेच राहील. गप्प बसण्याचीही मुभा असते. तरीही आपल्यासारख्या लहान गावात ओळखीचे कोणी निघेल ही भीती खोटी नाही. सुनेविषयी बोलायचे आणि समोर सुनेची मावशी! अशा वेळी शेजारच्या शहरातला गट निवडावा, त्यात काही कमीपणा नाही. गुप्ततेबद्दल पहिल्याच दिवशी स्पष्ट विचारावे. जो चालक हे हसण्यावारी नेईल, त्याच्या गटात जाऊ नये.

सर्वांनाच लगेच गट मानवतो असे नाही. जिवाचे बरेवाईट करण्याचे विचार येत असतील, कानात आवाज ऐकू येत असतील, तर आधी मनोविकारतज्ज्ञ गाठावा. चालू गोळ्या गटात बरे वाटले म्हणून परस्पर बंद करू नयेत.

जिल्हा रुग्णालयाच्या मानसिक आरोग्य विभागात चौकशी करावी. सरकारची 'टेलि-मानस' सेवा २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर रात्री-अपरात्रीही मोफत बोलता येते, मराठीतही.