वलगणीची गाभोळी मासळी आणि उपासकाचे शील

पावसाळ्याच्या आरंभी पहिला मोठा पाऊस झाला की वसई-विरार परिसरातील ओहोळ, नाले व भातखाचरे एकमेकांस मिळतात. तानसा-वैतरणेच्या खोऱ्यातील गोड्या पाण्याची मासळी प्रवाहाविरुद्ध चढत उथळ खाचरांत अंडी घालावयास येते. हीच वलगण. या दिवसांत गळ व जाळी घेऊन माणसे बाहेर पडतात आणि हाती लागणारी मासळी पुष्कळदा गाभोळीने भरलेली असते. अशी मादी पुन्हा पाण्यात सोडावी काय, हा प्रश्न पंचशील ग्रहण केलेल्या उपासकांपुढे येतो. त्याचा विचार धम्माच्या आधारे येथे करावयाचा आहे.

प्रथम निसर्गाची वस्तुस्थिती पाहू. आपल्याकडील बहुतेक मासळीत मादी अंडी पाण्यात सोडते व त्यांचे फलन शरीराबाहेर होते. रोहूसारख्या मोठ्या मादीच्या पोटात लाखो अंडी असतात. मरळीची अंडी त्या मानाने थोडी, परंतु ती आपल्या पिलांची राखण करते. लाखो अंड्यांतून मोठी होणारी मासळी मोजकीच असते. म्हणून खाचराच्या तोंडाशीच मादी पकडली गेली, तर त्या ऋतूची तिची सारी वीण बुडते. त्यातच अनेक खाचरे बुजवून इमारती उभ्या राहिल्याने अंडी घालण्याच्या जागाही कमी झाल्या आहेत.

आता शीलाकडे वळू. अट्ठकथांनी प्राणातिपाताची पाच अंगे सांगितली आहेत: प्राणी जिवंत असणे, तो जिवंत आहे ही जाणीव, मारण्याचे चित्त, त्यासाठी केलेला प्रयत्न आणि त्यातून घडलेला मृत्यू. या कसोटीने पोटातील अफलित अंडी हे स्वतंत्र प्राणी ठरत नाहीत. एका मादीबरोबर लाखो जीवांची हत्या झाली, असे म्हणणे त्यामुळे योग्य होणार नाही. परंतु जीवांची मोजदाद केल्याने प्रश्न संपत नाही. मेत्तसुत्तात जन्मलेल्यांबरोबरच 'सम्भवेसी', म्हणजे जन्माच्या वाटेवर असलेल्यांच्याही सुखाची कामना आहे. अंड्याचे कवच न फुटलेला जीव अट्ठकथेने याच वर्गात घातला आहे. शील वधापासून परावृत्त करते. मैत्री उद्या जन्मणाऱ्यांचाही विचार करते.

ऋतू पाहून संयम पाळण्याची परंपराही बौद्धांना नवी नाही. पावसाळ्यात फिरणाऱ्या भिक्खूंच्या पायांखाली हिरवे गवत व लहान जीव चिरडले जातात, अशी लोकांची तक्रार विनयपिटकाच्या महावग्गात आहे. त्यावरूनच तथागतांनी वर्षावासाचा नियम घालून दिला. सम्राट अशोकाने आपल्या पाचव्या स्तंभलेखात गाभण व दूध पाजणाऱ्या शेळ्या, मेंढ्या व डुकरिणी अवध्य ठरविल्या. तसेच चातुर्मासी पौर्णिमांच्या व उपोसथाच्या दिवशी मासे मारू वा विकू नयेत, असे फर्माविले. गाभोळी मासळीचा वेगळा उल्लेख तेथे नाही. मात्र अवस्था आणि काळ पाहून हिंसा आवरण्याचे तत्त्व स्पष्ट आहे. हा लेख वसईत सापडलेला नाही, हेही सांगितले पाहिजे. नालासोपाऱ्यास १८८२ मध्ये अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा आणि १९५६ मध्ये भुईगावजवळ नवव्या शिलालेखाचा अंश मिळाला. तरीही ज्या भूमीवर त्याची धम्मलिपी कोरली गेली, तेथील उपासकांस हा विचार परका वाटू नये.

परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 'द बुद्ध अँड हिज धम्म' (१९५७) या ग्रंथात अहिंसा हे तत्त्व आहे, आंधळा नियम नव्हे, असे विवेचन केले. मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांत भेद केला. प्रस्तुत प्रश्नाची किल्ली येथेच आहे. शेतमजूर वा आदिवासी कुटुंबाला वलगणीची मासळी हे अन्न आहे. त्यास दोष देण्याचा अधिकार पोटभरल्यास नाही. मात्र गरजेपुरती मासळी घेऊन गाभोळी मादी सोडणे, खाचराचे तोंड जाळ्याने पूर्ण न अडविणे, हे त्याच्याही उद्याच्या हिताचे आहे.

हौसेने गळ टाकणाऱ्याची गोष्ट निराळी. उदानातील एका सुत्तात मासे पकडणाऱ्या मुलांस तथागत विचारतात की, तुम्हांस दुःखाचे भय वाटते ना? गळाला लावून सोडलेली मादीही वेदना भोगते, थकते, कधी मरतेही. म्हणून केवळ करमणुकीसाठी पकडून सोडण्यास पुण्य म्हणता येणार नाही. विणीच्या त्या थोड्या दिवसांत गळ न टाकणे हेच उत्तम. चुकून मादी लागलीच, तर ओल्या हाताने, पोट न दाबता, गळ अलगद काढून तिला त्वरित पाण्यात सोडावे.

समुद्रात यांत्रिक नौकांना महाराष्ट्रात गेली काही वर्षे १ जून ते ३१ जुलै अशी मासेमारीबंदी असते. ती बंदी खाचरातील वलगणीस लागू होत नाही. तेथे पहारेकरी नाही. उपासकाची विरती हीच तेथील मर्यादा होय.